सूत्र लिहिण्याआधी: उष्णता आणि वायूंची उदाहरणं, नागपूरच्या हिशेबाने

शून्य अंशाच्या २ किलो बर्फात ४० अंशांचं १ किलो पाणी ओतलं, तर शेवटचं तापमान किती? दहावी-अकरावीच्या पोरांना हे उदाहरण घातलं की काही वह्यांत हमखास एक उत्तर सापडतं: उणे ३९.७ अंश सेल्सिअस. सूत्र पाठ असतं, आकडेमोड चोख असते, कॅल्क्युलेटरही बिचारा खरं बोलतो. गरम पाणी ओतून बर्फ आणखी चाळीस अंशांनी गार झाला, नागपुरात सायबेरिया अवतरला, आणि लिहिणाऱ्याने त्याखाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत बसवलं!

या धड्यांतली सूत्रं मोजकी आहेत आणि ती बहुतेकांना येतात. घोळ होतो तो सूत्राच्या आधी: काय बदलतंय, काय तसंच राहतंय, कोण उष्णता देतंय, कोण घेतंय, हे ठरवताना. म्हणून इथे तो आधीचा भाग सावकाश करू. उदाहरणं नागपूरचीच घेतो. डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश आणि मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेल्या शहराला उष्णतेची उदाहरणं बाहेरून आणायची गरज नाही.

पहिली पायरी: तापमानाची रेघ

गणित वाचून झालं की लगेच आकडे भरू नका. वहीत एक उभी रेघ काढा. प्रत्येक वस्तू सुरुवातीला त्या रेघेवर कुठे आहे आणि शेवटी कुठे जाणार, याच्या खुणा करा. वाटेत ० किंवा १०० अंश लागतात का ते पाहा. लागत असतील तर तिथे थांबा लागतो, कारण अवस्था बदलताना उष्णता जाते पण तापमान हलत नाही. ही झाली अप्रकट उष्मा.

मग रेघेचा प्रत्येक तुकडा वेगळा लिहायचा. तापमान बदलत असेल तिथे वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक. अवस्था बदलत असेल तिथे वस्तुमान × विशिष्ट अप्रकट उष्मा. एका तुकड्याला एकच सूत्र. दोन्ही एकाच ओळीत कोंबायला गेलात की एक हमखास गळतं.

लागणारे आकडे थोडेच आहेत. १ किलो पदार्थ १ अंशाने तापवायला किलोज्यूलमध्ये लागणारी उष्णता: पाणी ४.२, बर्फ २.१, अ‍ॅल्युमिनियम ०.९, लोखंड ०.४५, तांबं ०.३९. शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल आणि १०० अंशांच्या १ किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल. दहावीच्या पुस्तकात हेच आकडे कॅलरीत भेटतात: १ ग्रॅमला ८० आणि ५४०. कॅलरी घ्या नाहीतर ज्यूल, पण एका गणितात एकच. वस्तुमान किलोत आणि अप्रकट उष्मा ग्रॅमची, अशी भेळ झाली की उत्तर थेट हजारपट चुकतं. त्या मानाने ही चूक बरी, कारण ती लगेच डोळ्यात खुपते.

नवतप्यातली बादली

मे अखेरीच्या नवतप्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. समजा बादलीत ४४ अंशांचं १५ लिटर पाणी आहे आणि ते ३० अंशांवर आणायचं आहे. शून्य अंशाचा बर्फ किती टाकावा?

पाण्याच्या बाजूला रेघेचा एकच तुकडा, ४४ वरून ३० वर. १५ लिटर म्हणजे १५ किलो.

पाण्याने दिलेली उष्णता = १५ × ४.२ × १४ = ८८२ किलोज्यूल

बर्फाच्या बाजूला दोन तुकडे. आधी शून्यावरच वितळायचं, मग झालेलं पाणी ० वरून ३० वर यायचं. १ किलो बर्फासाठी:

३३४ + (४.२ × ३०) = ३३४ + १२६ = ४६० किलोज्यूल

म्हणून लागणारा बर्फ = ८८२ ÷ ४६० = सुमारे १.९ किलो.

आता वितळण्याचा तुकडा विसरलो असतो तर? ८८२ ÷ १२६ = ७ किलो. एवढा बर्फ खरंच टाकला, तर आंघोळीआधी दात वाजतील. उलट, लादी उणे १० अंशांची असती तर प्रत्येक किलोमागे २.१ × १० = २१ किलोज्यूल जास्तीचे शोषले गेले असते आणि १.८३ किलो बर्फात काम भागलं असतं. म्हणजे बर्फ किती गार आहे याने फारसं बिघडत नाही. खरं काम वितळणं करतं, आणि गणितातही मार्क तिथेच कापले जातात.

बादली स्वतः किती उष्णता देते, आजूबाजूच्या हवेतून किती येते, हे आपण सोडून दिलं. प्लास्टिकच्या बादलीला चालतं. प्रश्नात तांब्याचा कॅलरीमापी दिला असेल तर मात्र त्याचाही तुकडा लिहायचा, आणि त्याचं सुरुवातीचं तापमान आतल्या पाण्याएवढंच धरायचं.

सगळा बर्फ वितळतो का?

हा प्रश्न न विचारल्यामुळेच वरचा सायबेरिया तयार झाला. समीकरण मांडण्याआधी एक छोटी चाचणी करा. गरम वस्तू शून्यापर्यंत गार झाली तर जास्तीत जास्त किती उष्णता देऊ शकते? आणि सगळा बर्फ वितळायला किती हवी?

पाणी देऊ शकतं: १ × ४.२ × ४० = १६८ किलोज्यूल
२ किलो बर्फाला हवी: २ × ३३४ = ६६८ किलोज्यूल

खिशात १६८ आणि बिल ६६८. म्हणजे बर्फ पुरता वितळणारच नाही. १६८ ÷ ३३४ = साधारण अर्धा किलो वितळेल, दीड किलो तसाच राहील आणि तापमान असेल शून्य अंश. शेवटच्या तापमानासाठी वेगळं समीकरण लागतच नाही.

वाफेच्या गणितातही हीच चाचणी उलट्या बाजूने करायची. आणि कोणत्याही मिश्रणाचं शेवटचं तापमान सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम वस्तूच्या मधेच असतं, फार तर वरच्यासारखं टोकावर. हे डोळ्यांनी तपासायला दोन सेकंद लागतात.

कूलर किती उष्णता खातो?

आपल्याकडे कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. दिवसातून दोनदा पाणी मागतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी ताट्या बदलून घेतो. त्याचं गणित बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याचं आहे, फक्त एक फरक आहे: इथे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ३०-३५ अंशांवरच उडून जातं. त्या तापमानाला १ किलो पाण्याची वाफ व्हायला जास्त, सुमारे २,४२० किलोज्यूल लागतात. पुस्तकातला २,२५७ वापरलात तरी उत्तर फार हलणार नाही, पण तो आकडा १०० अंशांचा आहे हे माहीत असावं.

कूलरने ८ तासांत ४० लिटर पाणी संपवलं, म्हणजे तासाला ५ किलो.

५ × २,४२० ÷ ३,६०० = ३.३६ किलोवॅट

एसीच्या भाषेत १ टन म्हणजे ३.५२ किलोवॅट. म्हणजे कूलर जवळपास एक टनाचं काम करतोय, आणि वीज लागते ती फक्त पंख्याला आणि छोट्या पंपाला. मग लोक एसी का घेतात? कारण कूलर खोलीतली हवा गार करत नाही, बाहेरची ४५ अंशांची हवा गार करून आत ढकलतो. त्याचा बराचसा दम त्या हवेचा ताप उतरवण्यातच जातो. दुसरं म्हणजे पाणी उडायला कोरडी हवा लागते. मे महिन्यात ती मिळते. जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो. त्यामुळे किलोवॅटचे दोन आकडे जवळ आले म्हणून दोन यंत्रं सारखी समजू नका.

वायू: केल्व्हिन आणि खरा दाब

उष्णतेच्या गणितात तापमानाचा फरक लागतो, आणि फरक सेल्सिअसमध्ये घेतला काय नि केल्व्हिनमध्ये घेतला काय, सारखाच येतो. केल्व्हिन म्हणजे सेल्सिअस अधिक २७३, पण तिथे ते २७३ मिळवत बसू नका. वायूंच्या गणितात गुणोत्तर लागतं, आणि गुणोत्तर फक्त केल्व्हिनमध्येच खरं असतं. ही एक गोष्ट नीट बसली की निम्मा धडा झाला.

बॉइल, चार्ल्स आणि गे-लुसॅक यांचे तीन नियम सुटे पाठ करण्यात मला अर्थ दिसत नाही. एकच ओळ लिहा: दाब × आकारमान ÷ निरपेक्ष (म्हणजे केल्व्हिनमधलं) तापमान, आधी जेवढं तेवढंच नंतर. जे बदलत नाही ते दोन्ही बाजूंनी खोडा. उरेल तोच लागणारा नियम. अट एकच, वायू बाहेर गेला किंवा आत आला नसला पाहिजे.

आता टायर घेऊ. सकाळी २७ अंशांना कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. दुपारी वर्धा रोडवर गाडी पळवून टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली. पंपावरचा काटा आता किती दाखवेल? टायर फुगला नाही असं धरा.

सेल्सिअसमध्येच गुणोत्तर घेणारा लिहितो: ३२ × ६७ ÷ २७ = ७९ पीएसआय. असं खरंच होत असतं तर उन्हाळ्यात रस्त्यावर टायर फुटल्याचे आवाज दिवसभर ऐकू आले असते. केल्व्हिन आठवणारा लिहितो: ३२ × ३४० ÷ ३०० = ३६.३. हे बरोबरच्या जवळ आहे, पण बरोबर नाही. पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच सांगतो. टायर पंक्चर झाला की काटा शून्य दाखवतो, पण आत हवा असतेच, बाहेरच्या दाबाची. नियमाला खरा, म्हणजे एकूण दाब हवा.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, म्हणून इथला हवेचा दाब १०१.३ नसून ९७.७ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे १४.२ पीएसआय धरू.

एकूण दाब आधी: ३२ + १४.२ = ४६.२
तापल्यावर: ४६.२ × ३४० ÷ ३०० = ५२.४
काट्यावर: ५२.४ − १४.२ = ३८.२ पीएसआय

वाढ सहा पीएसआयची. म्हणून टायरची हवा गाडी गार असतानाच तपासायची आणि दुपारी काटा वर दिसला म्हणून हवा सोडायची नाही. सोडलीत तर रात्री टायर बसलेला सापडेल.

खोलीतली हवा कुठे जाते?

४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली, म्हणजे ३६ घनमीटर. हिवाळ्याच्या पहाटे ७ अंश, मे महिन्याच्या दुपारी ४७ अंश. आत किती हवा आहे? इथे वायूचं प्रमाण विचारलंय, म्हणून पीव्ही = एनआरटी, म्हणजे दाब × आकारमान = मोलची संख्या × वायू स्थिरांक आर × निरपेक्ष तापमान. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये असेल तर आर ८.३१४ घ्या. दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२१. या दोघांची अदलाबदल हीच इथली नेहमीची पडझड.

पहाटे: ९७,७०० × ३६ ÷ (८.३१४ × २८०) = सुमारे १,५११ मोल
दुपारी: ९७,७०० × ३६ ÷ (८.३१४ × ३२०) = सुमारे १,३२२ मोल

हवेचा १ मोल म्हणजे सुमारे २९ ग्रॅम. म्हणजे पहाटे ४३.८ किलो आणि दुपारी ३८.३ किलो. साडेपाच किलो हवा दाराच्या फटींतून बाहेर गेली. इथे दाब स्थिर धरला, कारण खोलीला फटी आहेत.

खोली पूर्ण हवाबंद असती तर मोल स्थिर राहिले असते आणि दाब ९७.७ वरून १११.७ किलोपास्कलवर गेला असता. फरक १४ किलोपास्कलचा. ऐकायला किरकोळ, पण २ चौरस मीटरच्या दारावर तो २८,००० न्यूटन होतो, म्हणजे पावणेतीन टनांहून जास्त वजनाचा रेटा. तीच खोली, तीच तापमानं, पण काय स्थिर आहे ते बदललं आणि गणितच बदललं. प्रश्नात ‘बंद’, ‘उघडं’, ‘पिस्टन मोकळा’, ‘दृढ पात्र’ असे शब्द आले की पेन्सिलने गोल करा.

जाता जाता, १ मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर की २२.७? दोन्ही ० अंशांचेच, पण पहिला १ अ‍ॅटमॉस्फिअरचा आणि दुसरा १ बारचा. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली प्रमाण दाब १ बार केला, तरी जुना आकडा प्रश्नपत्रिकांतून गेलेला नाही. प्रश्नात दाब कोणता दिलाय ते पाहा. नागपूरच्या दुपारी मात्र दोन्ही चालत नाहीत.

दोन सिलिंडर, दोन गणितं

दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या जम्बो सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता ४६.७ लिटर असते. तो १५० बारला भरलेला असेल तर बाहेर किती लिटर ऑक्सिजन मिळेल? तापमान तेच धरलं तर बॉइलचा नियम: १५० × ४६.७ ÷ ०.९७७ = सुमारे ७,२०० लिटर (०.९७७ हा नागपूरच्या हवेचा दाब, बारमध्ये). मिनिटाला १० लिटर सोडला तर १२ तास. काट्यात बाहेरचा १ बार मिळवला नाही, कारण १५० पुढे १ काहीच नाही. टायरमध्ये तो सोडला असता तर चुकलो असतो. इतक्या दाबाला ऑक्सिजन आदर्श वायूसारखा तंतोतंत वागत नाही, पण अंदाजाला हे पुरतं. काटा अर्ध्यावर आला की वायूही अर्धा उरलेला असतो.

हेच घरच्या १४.२ किलोच्या एलपीजी सिलिंडरला लावाल तर फसाल. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात असतात, वर थोडी वाफ. द्रव जोवर शिल्लक आहे तोवर आतला दाब किती गॅस उरलाय यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. निम्मा सिलिंडर संपला तरी शेगडीची ज्योत तशीच असते ती यामुळे. ऑक्सिजन साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही, कारण त्याचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर नुसत्या दाबाने वायू द्रव होत नाही ते, उणे ११८ अंशांच्या आसपास आहे. ब्युटेनचं अधिक १५२ आहे, म्हणून तो सहज द्रव होतो. पीव्ही = एनआरटी लिहिण्याआधी ‘आत फक्त वायूच आहे ना?’ हे विचारायचं ते म्हणून. किती गॅस उरला हे कळायला वजन करा आणि सिलिंडरवर लिहिलेलं रिकामं वजन वजा करा.

द्रव तापला की फुगतो, म्हणून असा सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, वर वाफेला जागा ठेवतात. अशा नियमांची देशभरची देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सलाच आहे.

तो सगळा गॅस बाहेर पडला तर? आता तो खरोखर वायू आहे, सूत्र चालेल. सगळा ब्युटेन धरला तर १४,२०० ÷ ५८ = २४५ मोल. ३७ अंशांना, म्हणजे ३१० केल्व्हिनला:

२४५ × ८.३१४ × ३१० ÷ ९७,७०० = सुमारे ६.५ घनमीटर

हवेत साधारण २ टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. २७ घनमीटरच्या स्वयंपाकघरात २ टक्के म्हणजे ०.५४ घनमीटर, जेमतेम १.२ किलो गॅस. शिवाय ५८ विरुद्ध २९, म्हणजे तो हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत पसरतो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, खालची दारं उघडा, आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

शेगडीवरचं रसायनशास्त्र

१ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला किती ब्युटेन जळेल? नागपुरात पाणी १०० च्या अलीकडे, ९९ अंशांच्या आसपास उकळतं, पण इथे १०० धरू. पाण्याला १ × ४.२ × ७० = २९४ किलोज्यूल लागतात. शेगडीची ६० टक्के उष्णताच भांड्यात जाते असं धरलं, तर जाळायला हवेत २९४ ÷ ०.६ = ४९० किलोज्यूल. इथे ०.६ ने भागायचं की गुणायचं, यात गोंधळ होतो. वाया जातं म्हणजे जास्त लागतं, म्हणून भागायचं.

ब्युटेनच्या २ रेणूंना ऑक्सिजनचे १३ लागतात, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू होतात. पुस्तकात १ मोल ब्युटेनची ज्वलनउष्मा सुमारे २,८७७ किलोज्यूल दिलेली असते, पण तो आकडा तयार झालेलं पाणी द्रवरूप धरून आहे. शेगडीवर ते वाफ होऊन उडतं आणि ५ मोल पाण्याची प्रत्येकी ४४, एकूण २२० किलोज्यूल घेऊन जातं. उरतात २,६५७.

४९० ÷ २,६५७ = ०.१८४ मोल, म्हणजे १०.७ ग्रॅम ब्युटेन

कार्बन डायऑक्साइड त्याच्या चौपट मोल, म्हणजे ०.७४ मोल, साडेबत्तीस ग्रॅम. जळालेल्या गॅसच्या तिप्पट वजन कसं, असं वाटतं. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

बारावीच्या मुलांना इथे एक सापळा आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वायूने केलेलं काम धन धरतात आणि उष्णतेतून वजा करतात. रसायनशास्त्रात वायूवर झालेलं काम धन धरतात आणि उष्णतेत मिळवतात. वायूला ५०० ज्यूल दिले आणि त्याने पसरताना २०० ज्यूल काम केलं, तर आंतरिक ऊर्जा दोन्हीकडे ३०० नेच वाढते: एकीकडे ५०० − २००, दुसरीकडे ५०० + (−२००). कोणता पेपर आहे ते बघून उत्तराच्या सुरुवातीलाच आपली खूण एका ओळीत लिहून टाका.

हात साफ करायला

२३० अंशांची २ किलोची लोखंडी कढई ३० अंशांच्या ५ लिटर पाण्यात बुडवली. वाफ झाली नाही असं धरा. उत्तर ३८.२ अंश. कढई जवळपास दोनशे अंशांनी उतरली आणि पाणी आठच अंशांनी चढलं, हे का, ते वरचे ४.२ आणि ०.४५ पाहून सांगा.

२७ अंशांना ३ लिटरचा फुगा १७ अंशांच्या एसी खोलीत नेला. उत्तर २.९ लिटर. १.९ आलं असेल तर तुम्ही सेल्सिअस वापरलंय.

१ किलो बर्फात ६० अंशांचं २ किलो पाणी. आधी चाचणी: ५०४ किलोज्यूल उपलब्ध, ३३४ लागतात, म्हणजे सगळा बर्फ वितळतो. उरलेल्या १७० किलोज्यूलमध्ये एकूण ३ किलो पाणी १३.५ अंशांवर येतं.